दोन गावांचे देणारे

हिवाळ्यात पाथरी-सेलू रस्त्यावरच्या बाभळींना कापूस लागतो.

आमच्याकडे नवीन आलेल्या पाहुण्याला मी हे सांगते तेव्हा तो आधी माझ्याकडे बघतो, मग आमच्या ह्यांच्याकडे. ह्यांनी मान डोलावली की मगच त्याला खरं वाटतं. पण यात खोटं काय आहे? वेचणी झाली की कापूस सेलूच्या जिनिंगकडे निघतो. पूर्वी गाड्यांतून जायचा, आता ट्रकमधून जातो. रस्ता तोच, आणि वाकून उभ्या असलेल्या बाभळीही त्याच. येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येक ओझ्यातून त्या आपल्या काट्यांनी चिमूटभर कापूस काढून घेतात. पौषापर्यंत झाडं अशी पांढरी होतात की काळोख पडताना फुलंच आल्यासारखी वाटतात.

यंदाही लागला आहे. परवा बाजारातून येताना पाहिला आणि घरी आल्याबरोबर मी म्हटलं, "त्या वर्षी असाच कापूस होता बघा..." एवढं ऐकून धाकटा मुलगा उठून बाहेर गेला. घरात माझी ख्याती ही अशी आहे. मुलं म्हणतात, आईच्या गोष्टीतली जाळी दर हिवाळ्याला वीतभर उंच होते, आता ती ओलांडायला शिडी लागेल. म्हणू देत. घरात कुणी ऐकत नाही म्हणून तर माणूस लिहायला बसतो.

तर ती जाळी.

पोलीस ॲक्शन झाली तेव्हा मी परकरातली मुलगी होते. माझं माहेर सेलूचं. स्टेशनच्या बाजूला काही दिवस लष्कराच्या जवानांचा तळ पडला होता. गावानं त्याआधी फार वाईट दिवस पाहिले होते. दारं लवकर लागायची, माणसं हळू बोलायची. आणि एका संध्याकाळी त्या तळावर जवानांनी दोन खांब रोवले, मध्ये जाळी बांधली आणि चेंडू उडवायला लागले. आधी कुंपणाबाहेर चारदोन माणसं थांबली, मग पंधरावीस, मग सगळी आळी. किती महिन्यांनी गावातली माणसं अशी उघड्यावर एका जागी, मोठ्यानं हसत उभी राहिली असतील! व्हॉलीबॉल हा शब्द आम्ही तेव्हा ऐकला. माझी माय त्याला शेवटपर्यंत 'ते हात वर करायचं' म्हणायची.

तळ हलला, जाळी राहिली. जवानांनी ती सेलूला दिली असं सेलूकर म्हणत. पाथरीकर म्हणत, जवान आमच्याकडंही मुक्कामाला होते, त्यांनी जाळी आम्हालाच कबूल केली होती. आसपास दुसरी जाळी नव्हती आणि ती मिळते कुठं हेही कुणाला ठाऊक नव्हतं. मग ठरलं की दर हिवाळ्यात सामना खेळायचा. जिंकेल त्या गावात वर्षभर जाळी. हरलेल्या गावानं दोन खांबांना सोल बांधून त्यावर सराव करायचा. पुढच्या वर्षीचा सामना जाळी असेल त्या गावी. सोल म्हणजे जाड दोर. चेंडू दोरावरून गेला की खालून, यावरून वर्षभर भांडणं होत. त्यामुळे हरलेलं गाव खेळापेक्षा भांडणात जास्त तयार होऊन सामन्याला येई.

खेळात माणसं दोन जातीची. एक मारणारा, एक देणारा. मारणारा उंच उडून चेंडू पलीकडे आपटतो, लोक त्याचं नाव घेतात. देणारा जाळीला खेटून उभा असतो. मागून कसाही आलेला चेंडू तो बोटांच्या टोकांवर झेलतो आणि मारणाऱ्याला हवा तिथं, हवा तेव्हा वर ठेवतो. ठेवतो हाच शब्द. चांगल्या देणाऱ्याचा चेंडू हवेत क्षणभर फळीवर ठेवल्यासारखा थांबतो. मला खेळातलं एवढंच कळतं. चेंडूला माझा हात लागला तो एकदाच, तोही माझ्या शेणाच्या पाटीत पडला म्हणून काढून देताना.

आणि गंमत अशी की सेलू-पाथरीच्या सामन्यात नाव काढलेले जे देणारे झाले, ते दोन्ही गावांकडून खेळले. मारणारे आपापल्या गावाला चिकटून राहिले. देणारे मात्र इकडून तिकडे झाले. का, ते मला अजून नीट सांगता येत नाही. जाळीला इतकं खेटून उभं राहिलं की पलीकडची माणसं दिसतात, कदाचित म्हणून.

पहिले करीमभाई शिंपी. मूळचे पाथरीचे. पाथरीला शिलाई कमी म्हणून सेलूला येऊन जिनिंगच्या फाटकासमोर मशीन टाकून बसले. पाथरीकर म्हणाले, माणूस आमचा. सेलूकर म्हणाले, मशीन आमच्यात, माणूसही आमचा. त्यात जिनिंगवर हंगामाला कुठकुठली माणसं येत, ती कुणाकडून खेळणार? यावर तोड काढली माझ्या वडिलांनी. आबा जिनिंगवर कापूस तोलायचे. उंच, कोरडे, फेट्याचा पीळ कधी न सैलावलेला. जाळीही तेच सांभाळायचे. उसवली की दाभण घेऊन बसत आणि जवळ कुणी आलं तर "सावली पाडू नका" म्हणत. आबांनी कायदा केला: सामन्याच्या आदल्या रात्री ज्या गावची भाकरी खाल्ली, त्या गावाकडून खेळायचं. बापजादे, जमीनजुमला, काही बघायचं नाही.

कायदा दोन्ही गावांना पटला. इतका पटला की सामन्याला परगावी जाणारा संघ घरून भाकऱ्या बांधून नेऊ लागला. पाहुणे म्हणून गेले तरी यजमान गावचा हुरड्याचा दाणा तोंडात टाकायचे नाहीत. न जाणो, टाकला आणि माणूस पलीकडचा झाला तर! शेतात आगटी पेटलेली, कोवळी कणसं भाजल्याचा वास सुटलेला, आणि बारा पंधरा धट्टेकट्टे पुरुष तोंड फिरवून बसलेत. असा उपास कुठल्या देवानं पाहिला नसेल.

एक वर्ष सामना पाथरीला होता. करीमभाई सेलूकडून. आदल्या संध्याकाळी ते आईला भेटायला म्हणून पाथरीतल्या घरी गेले आणि आईनं वाढलं ते जेवले. सकाळी दोन्ही संघ समोरासमोर उभे राहिले. आबा एकेकाला विचारत चालले, "रात्री कुठं जेवला?" करीमभाईंपाशी आले. करीमभाईंना खोटं बोलता येईना.

"माँ के घर खाया आबा. माँ के हात की रोटी है, वो गाँव में नक्को गिनो."

"करीमभाई, माय तुमची. पीठ कुठलं?"

"आटा... पाथरी का."

"मंग झालं," आबा म्हणाले. आणि आपल्याच संघाच्या देणाऱ्याला त्यांनी दंडाला धरून जाळीखालून पलीकडे नेऊन सोडलं. सेलू त्या दिवशी सपाटून हरलं. वाटभर आबांशी कुणी बोललं नाही. घरी आल्यावर माय म्हणाली, "एका भाकरीपायी येनारी जाळी घालवली तुमी." आबा म्हणाले, "जाळी पुन्ना येईल. कायदा गेल्यावर येतो व्हय?"

मला तेव्हा आबांचा फार राग आला होता. करीमभाईंची मान खाली गेलेली मी पाहिली होती. पुढच्या वर्षी ते सेलूच्याच भाकरीवर सेलूकडून खेळले, ते वेगळं. पण त्या दिवशीचं "आटा पाथरी का" त्यांनी गाठीला बांधून ठेवलं होतं, हे आम्हाला फार उशिरा कळलं.

त्या पुढच्याच वर्षी माझं लग्न ठरलं, तेही या खेळातच. सामना पुन्हा पाथरीला. शेवटचा डाव बरोबरीत. सेलूच्या मारणाऱ्यानं चेंडू मारला, तो सरळ मैदानाबाहेर जाऊन पडला. पाथरीवाले नाचायला लागले. आणि पाथरीकडून जाळीजवळ उभा असलेला एक काटकुळा तरुण हात वर करून म्हणाला, "थांबा, थांबा. माझ्या बोटाला लागून गेलाय." कुणी पाहिलं नव्हतं. बोलला नसता तर पाथरी जिंकत होती. त्याच्याच गावच्या लोकांनी त्याला काय काय नावं ठेवली ती इथं लिहिता येणार नाहीत. जाळी सेलूला आली. पाथरीला लेक द्यायची नाही असं अख्ख्या आळीसमोर बोललेले आबा गाडीत बसल्या बसल्या म्हणाले, "त्या बोटवाल्या पोराचं घर कुठलं, इचारा बरं कुनीतरी."

तेच हे. खेळ म्हणावा तर यथातथाच. संघात एखादा कमी पडला तर घ्यायचे.

लग्न होऊन मी पाथरीला आले. मुलगी सासरी जाते म्हणजे काय होतं, याचा विचार मी नंतर फार केला. कालपर्यंत ज्या गावाला हसायचं ते आजपासून आपलं. जाळीच्या एका बाजूनं ओरडणारी मी, दुसऱ्या बाजूला येऊन उभी राहिले. आणि मीच कशाला? आमचा सगळा मुलूखच त्या वर्षांत असा फिरत होता. निजामाच्या राज्यात जन्मलो, मग हैद्राबाद राज्य, मग मुंबई राज्य, मग महाराष्ट्र. घर तिथंच, उंबरा तोच, आणि सासूबाई सकाळी विचारायच्या, "आज आपण कुठं हाव गं?" त्या थट्टेनं विचारायच्या, पण मला ती थट्टा फार आवडायची. आपण कुठं आहोत हे रोज विचारून घ्यायला लागावं असे ते दिवस होते. भीती थोडी होती, पण खरं सांगू, उमेद जास्त होती. शाळा उघडत होत्या, मोटारी सुरू होत होत्या, कुठंतरी काहीतरी आपलं होत होतं.

मुंबई राज्यात गेलो तेव्हा तालुका कचेरीतली उर्दू दफ्तरं मराठीत आणायचं काम निघालं. दोन्ही वाचता येणारी माणसं हवी होती. माझा धाकटा भाऊ दत्ता उर्दू शाळेत शिकला होता आणि मराठीही चांगलं लिहायचा. त्याला पाथरीच्या कचेरीत काम लागलं. दत्ता म्हणजे करीमभाईंनी हाताला धरून तयार केलेला सेलूचा देणारा. करीमभाईंचे गुडघे बोलायला लागल्यावर जाळीजवळ तोच उभा राहायचा. त्याच्या हातून चेंडू सुटला की आबा डोळे मिटून घ्यायचे. बघायची गरजच नाही, चेंडू जिथं हवा तिथं गेला असणार, म्हणून.

बहिणीच्या सासरी भावानं राहायचं नसतं. दत्तानं कचेरीजवळ खोली घेतली. पण जेवायला तो आमच्याकडे यायचा. सासूबाईच म्हणाल्या, "झोपायला खोली असू दे, खायला घर लागतं." वर्षभर तो माझ्या हातची भाकरी खात राहिला. इथं माझ्या भाकरीविषयी एक सांगायला हवं. ती एका कडेला करपते. लहानपणापासून. तवा बदलला, चूल बदलली, गाव बदललं, पण कड करपायची राहिली नाही. माहेरी माय ओरडायची. मग आबा जेवायला बसले की काही न बोलता माझी भाकरी उचलायचे, करपलेली कड मोडायचे आणि तीच आधी खाऊन टाकायचे, मायच्या नजरेला पडायच्या आत. वर्षानुवर्षं. हाताला वळणच पडलं होतं ते.

हिवाळा आला. बाभळींना कापूस लागला. पाथरीची पोरं दत्ताभोवती जमली. वर्षभर सोलावर त्यांच्याबरोबर तोच सराव करत होता.

आबांचा निरोप एका गाडीवानाबरोबर आला. गाडीवान बिचारा अवघडून दारात उभा राहिला. "आबांनी सांगितलंय, दत्तानं आदल्या राती घरी जेवायला यावं. आन् जाळीच्या त्या बाजूला उभा ऱ्हायला, तर पुन्ना माझ्या दारात पाऊल टाकू न्हाई."

दत्ता हात धूत होता. तसाच थांबला.

मी म्हटलं, "जा की रे. एक रात जेव घरी. काय बिघडतंय?"

"आक्का, वरीसभर यांच्यासंगं खेळलो. तुझी भाकरी खाल्ली. आता एक रात तिकडं जेवायचं, आन् सेलूचा म्हनून उभं ऱ्हायचं? ही तर फसवणूक झाली."

"मग खेळू नको."

"खेळलो न्हाई तर देनार कोन? मी शब्द दिलाय." मग हात पुसत म्हणाला, "आबांनीच शिकवलंय ना, कायदा गेल्यावर येत न्हाई म्हनून. आता काय करू?"

आबा बोलले की बोलले. एका शब्दावरून त्यांनी स्वतःच्या चुलतभावाशी जन्मभर संबंध ठेवला नव्हता. दत्ताला घराचं दार बंद झालं असतं, तर मायनं लेकाला बघायचं कुठं? आणि माझं माहेर तरी माहेर राहिलं असतं का? रात्री ह्यांच्यापाशी रडले. हे म्हणाले, "मी बोलू आबांशी?" मी म्हटलं, "नका. तुम्ही खरं तेच बोलाल आणि आणखी बिघडेल."

सामन्याला जायला वेगळी गाडी कोण करणार? पाथरीचा संघ कापसाच्या गाड्यांवर बसून निघायचा. मीही संक्रांतीला माहेरी म्हणून निघाले. ओच्यात संघातल्या चौघांच्या भाकऱ्या, जवसाची चटणी, कांदे. कापसावर बसून प्रवास करणं म्हणजे ढगावर बसणं, असं कुणी म्हटलं तर त्यानं तो केलेला नाही. कापूस टोचत नाही, पण माणूस त्यात हळूहळू बुडतो. दुपारपर्यंत हे कमरेइतके आत गेले होते आणि वरून गप्पा मारत होते. तुरीच्या शेंगांचा हिरवा वास, बैलांच्या घुंगरांचा एकसुरी आवाज, डोक्यावरून जाणाऱ्या बाभळीच्या फांद्या. दत्ता सगळ्या वाटेत हातात चेंडू फिरवत राहिला.

दिवेलागणीला सेलू आलं. जिनिंगचा भोंगा झाला. सरकीचा तो जड, तेलकट, उबदार वास नाकात शिरला आणि माझे डोळे भरून आले. कापसातून सरकी काढणाऱ्या रेच्यांची धूळ हवेत तरंगत होती. आम्ही सगळे डोक्यापासून पायांपर्यंत पांढरे. संघ जिनिंगच्या पडवीत उतरला. मी घरी जायच्या आधी भाकऱ्या वाटून देत होते, तेवढ्यात आबा आले. एकटे, खांद्यावर घोंगडं. करीमभाईही तिथंच कंदिलाजवळ बसले होते, आपल्या जुन्या चेल्याला भेटायला आलेले.

आबा दत्ताच्या समोर उकिडवे बसले.

"काय खायलायस?"

"भाकरी."

"कुनाची?"

"आक्काची."

"ते दिसायलंय. कड जळाली की."

कुणी हसलं नाही. मी मान खाली घातली.

"मायनं वांगी भरलीत," आबा म्हणाले. "सकाळधरनं राबायलीय."

दत्ताचा घास हातातच राहिला. "आबा, मला येता येत न्हाई. तुमच्यावर रुसलो म्हनून न्हाई. उद्या मी तिकडंच उभा राहनार."

"कळलं."

"दार लावनार?"

जिनिंगच्या अंगणात बैल सोडल्याचा, कुणीतरी पाणी ओढत असल्याचा आवाज येत होता. आबा त्या भाकरीकडे बघत बसले. तोलताना काट्याकडे बघत तसे. आणि काही तरी विचार करता करता त्यांचा हात पुढे झाला. दत्ताच्या फडक्यातली भाकरी त्यांनी उचलली, करपलेली कड मोडली आणि तोंडात टाकली. चावली. गिळली. मग भाकरी पुन्हा फडक्यात ठेवून दिली आणि उठले. "चल गोदे," मला म्हणाले, "माय वाट बघायली."

दत्तानं माझ्याकडे बघितलं. मी त्याच्याकडे. करीमभाईंनी कंदिलाची वात उगाचच वर केली, पुन्हा खाली केली.

घरी माय दत्ताच्या ताटाकडे बघत होती. ताट मांडलेलं होतं, पाट मांडलेला होता. आम्ही तिघं जेवलो. चौथ्या पाटावर मांजर येऊन बसलं तेव्हा आबांनी त्याला हाकललं नाही.

सकाळी जिनिंगमागच्या मैदानावर दोन्ही गावं जमली. थंडी होती, ऊन कोवळं होतं, आणि वाऱ्यावर कापसाचे पुंजके जमिनीवरून पळत होते. जाळी आबांनी स्वतः ताणली होती, एक गाठ सैल नाही. मग ते नेहमीसारखे रांगेपुढून चालले.

"रात्री कुठं जेवला?"

"सेलूला." "सेलूला." "पाथरीची भाकरी." "पाथरीची."

दत्तापाशी आले. आवाज चढला नाही, उतरला नाही. "रात्री कुठं जेवला?"

"पाथरीची भाकरी खाल्ली."

"मंग तिकडं हो."

दत्ता गेला. आबा वळले आणि सेलूच्या बाजूला आपल्या रोजच्या जागी, खांबापाशी जाऊन बसायला निघाले. त्या वर्षी सेलूकडून पुन्हा करीमभाईच जाळीजवळ उभे होते, गुडघ्यांना फडकं बांधून.

"और आबा, तुम?" करीमभाई म्हणाले.

"मी काय?"

"रात को किधर खाए?"

"घरी खाल्लं. कुठं खानार?"

"उसके पैले?"

आबा थांबले. मैदानावर काही तरी घडतंय हे सगळ्यांना कळलं, काय ते आम्हा मोजक्या माणसांनाच.

"उसके पैले पडवी में भाकरी का टुकडा खाए की नै? मैं बाजू में बैठा था जी."

आबांनी माझ्याकडे पाहिलं. मी कापसाचे पुंजके बघत होते. "अरे, ते... ती तर लेकीनं भाजल्याली. आपल्याच घरची सवय..."

"बेटी तुम्हारी," करीमभाई अगदी हळू, अगदी अदबीनं म्हणाले. "आटा किधर का?"

पाथरीच्या बाजूनं पहिला हसला तो कोण, मला माहीत नाही. मग सगळं मैदान हसलं. सेलू हसलं, पाथरी हसली, गाडीवान हसले, सरकीच्या ढिगावर बसलेल्या बाया हसल्या. आबा एकटे उभे. कानांच्या पाळ्या लाल. लेकीला मूल होईपर्यंत तिच्या घरचं पाणीसुद्धा प्यायचं नाही अशी आमच्याकडची रीत, आणि हा माणूस चारचौघांत पाथरीच्या पिठानं बाटलेला. मला वाटलं, आता घोंगडं झटकून घरी जाणार आणि सगळंच संपणार.

आबा म्हणाले, "पाथरीचं."

आणि जाळीकडे चालू लागले. उंच माणूस. जाळीखालून जायला वाकले, तर फेटा अडकला. त्यांनीच ताणलेल्या त्या जाळीत त्यांचाच फेटा. पलीकडून दत्ता पुढे झाला. एका हातानं त्यानं फेटा सोडवला आणि दुसऱ्या हातानं जाळी वर उचलून धरली. बोटांच्या टोकांवर, चेंडू धरतो तशी. आबा खालून पलीकडे गेले.

त्या दिवशी ते पाथरीच्या बाजूला बसले. आधी गप्प होते. मग दत्तानं एक चेंडू असा काही वर ठेवला की त्यांच्या तोंडून "वा रे पोरा!" निघालंच. मग थांबले नाहीत. पाथरीच्या पोरांना त्यांनी बापासारख्या शिव्या दिल्या आणि बापासारखं उठवलं. जाळीच्या एका बाजूला करीमभाई, एका बाजूला दत्ता. गुरू-चेल्याचा तो खेळ मी आजही डोळे मिटून बघते. मुलं म्हणतात त्याप्रमाणे जाळी उंच झाली असेल, पण तो खेळ होता तेवढाच मोठा होता, मी त्यात काही घातलेलं नाही.

शेवटचा डाव पुन्हा बरोबरीत. एकाचा पाय मुरगळला म्हणून पाथरीनं ह्यांना आत घेतलं. सेलूचा फटका आला, जाळीवरून गेला, मैदानाबाहेर पडला. आबा टाळ्या पिटत उभे राहिले.

आमच्या ह्यांनी हात वर केला. "बोटाला लागलाय."

आबांनी कपाळाला हात लावला आणि शेजारच्या पाथरीकराला म्हणाले, "काय करनार? जावाई माझाच निवडल्याला हाय."

जाळी सेलूतच राहिली. हरलेला संघ कापूस झटकत उभा होता. आबांनी घोंगडं खांद्यावर टाकलं, दत्ताच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, "हारलो आपण. चला." ते 'आपण' मी ऐकलं, दत्तानं ऐकलं, आणि करीमभाईंनीही ऐकलं असावं. ते मान वळवून गुडघ्यांवरचं फडकं सोडत बसले.

आम्ही घराशी आलो. दत्ता पायरीखाली थांबला. आबा आधी चढले, मागे वळून बघितलं. मग आत तोंड करून मायला हाक मारली, "अगं, पाथरीची मान्सं आलीत. पायावर पानी आन."

मायनं तांब्या आणला आणि ती दत्ताकडेच बघत राहिली, निम्मं पाणी आबांच्या पायावर सांडलं. आबा म्हणाले, "मलाबी घाल, मीबी पाथरीचाच हाय आज."

आबा आता नाहीत, करीमभाईही नाहीत. दत्ता कचेरीतच चढत गेला आणि आता आपल्या नातवाला अंगणात चेंडू वर ठेवायला शिकवतो. तीच जाळी किती वर्षं टिकली, कुठं गेली, कुणी नीट सांगत नाही. मला वाटतं दोन्ही गावांत तिचे तुकडे असतील, वेलांना चढायला बांधलेले. नवी जाळी विकत मिळते, दोन्हीकडे आहे, पण सामना अजून होतो. खेळणाऱ्या मुलांना भाकरीचा कायदा म्हाताऱ्यांची गंमत वाटते. तरी परगावी जाताना डबे घरूनच नेतात. का, ते त्यांना विचारू नये.

आणि माझी मोठी लेक सेलूला दिली आहे. जिनिंगमागच्या मैदानापासून हाकेच्या अंतरावर तिचं घर. यंदा सामना तिथंच. तिनं निरोप पाठवला आहे, आदल्या संध्याकाळी जेवायलाच या. हे कालपासून विचारतायत, "मग आपण कुणाकडचे?" सत्तरीकडे झुकलेल्या माणसाला ही काळजी! बोट अजून वर करतील, खात्री आहे.

मी पिशवी भरली आहे. भाकऱ्या बांधल्या नाहीत. लेकीचीही भाकरी एका कडेला करपते, हे तिच्या सासूनं मला लग्नानंतर चारच दिवसांत हसत हसत सांगितलं होतं. पीठ सेलूचं असू दे. ती कड आधी मी मोडणार.